निबंध वाचला आणि शाळा निघाली

कॉलेजात प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात एकदा डोकावून बघा. तयार प्रोजेक्ट मिळतो. नाव आणि रोल नंबर तेवढा बदलायचा. पोरांना नावं ठेवणं सोपं आहे हो, पण स्वतःच्या डोक्याने दहा पानं कशी लिहायची, हे त्यांना कुणी शिकवलंय का? यावरून मुंबईतला एक जुना इतिहास सांगावासा वाटतो.

साल १८४८. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला अजून नऊ वर्षं होती. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी मिळून 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. प्रोफेसर पॅटन पाठीशी उभे राहिले. पुढाकार घेणाऱ्यांत बाविशीतले दादाभाई नौरोजी होते. काम अगदी साधं. सभासदाने निबंध लिहून आणायचा, सगळ्यांसमोर वाचायचा, मग त्यावर चर्चा. चार लोक प्रश्न विचारणार म्हटल्यावर माणूस आपोआप विचार करून लिहितो.

सोसायटीच्या मराठी आणि गुजराती शाखाही निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक सुरू झालं आणि सभेत वाचलेले निबंध त्यात छापून येऊ लागले. म्हणजे पोरांना लिहायला जागा, ऐकायला माणसं आणि छापायला मासिक, तेही आपल्या भाषेत!

पुढचं ऐका. १८४९ मध्ये एका सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. नुसतं बोलून काय उपयोग, असं ठरलं आणि त्याच वर्षी सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या. पुण्यात फुले दाम्पत्याने वर्षभर आधीच सुरुवात केली होती. मुंबईत ही तरुण मंडळी आपलं काम सांभाळून मुलींना फुकट शिकवायला जात. नाना शंकरशेट यांनी जागा दिली.

आता आजचं बघा. २०२५ पासून एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. हा बदल पुढे ढकला म्हणून आधी मुलं पुण्यात रस्त्यावर बसली होती. लोक म्हणाले, अभ्यास नको यांना. अहो, शाळेपासून गाईड आणि कॉलेजात पर्यायी प्रश्न दिले, तर लिहिण्याची सवय लागणार कधी? शहरात पैसेवाल्यांची पोरं क्लास लावून उत्तरलेखन शिकतात. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या पोरीने कुणाकडे जायचं?

यासाठी मोठा निधी लागत नाही. आठवड्यातून एक तास, एक रिकामा वर्ग, कच्चा मसुदा वाचून लाल पेनाने खुणा करणारा एक प्राध्यापक आणि ऐकायला दहा मुलं. गावात निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, आम्ही पत्रकारही आहोत. बोलावलं तर येऊ.

तुमच्या गावच्या कॉलेजात असं काही चालतं का? चालत असेल तर खाली नक्की लिहा. नसेल तर येत्या सोमवारी प्राचार्यांना भेटून विचारा.