तीरकमठ्याचा इतिहास

तुमसर तालुक्यातील आंबागडला मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सरदार राजा खान पठाण याने १७०० च्या सुमारास हा किल्ला बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. एवढे सांगून मी थांबलो. गड उतरताना एक गोंड विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, माह्या आज्याजवळ तीरकमठा होता. तो इतिहासात येते का?"

मी ओशाळलो. घरातला पहिला पदवीधर मी. माझ्या आज्याच्या हातचे कामही कोणत्या पुस्तकात आले होते?

धनुष्य इतिहासात येते. इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीसवर चालून गेलेल्या इराणी सैन्यात लोखंडी टोकाचे बाण घेतलेले भारतीय होते, असे हिरोडोटस सांगतो. भारतीय पायदळाचे धनुष्य पुरुषभर उंचीचे. ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने रेटीत, असे एरियनने लिहिले आहे. समुद्रगुप्त सोन्याच्या नाण्यावर धनुष्य घेऊन उभा आहे. त्याच्याच अलाहाबादच्या प्रशस्तीत सर्व अटवीराजांना सेवक केल्याची बढाई आहे. कौटिल्याने सैन्याच्या प्रकारांत 'अटवीबल' मोजले आहे. म्हणजे राजाला अरण्यातला लढवय्या हवा होता, पण त्याचे नाव नको होते.

राजा शिकार करतो ती मृगया, आदिवासी पोटासाठी करतो ते रानटीपण! १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातली शिकार सरकारी नियमांखाली आली आणि पोटाचा उद्योग गुन्हा ठरू लागला.

आणि एकलव्य? त्याच्या अंगठ्याची गोष्ट मीही वर्गात गुरुभक्ती म्हणूनच शिकवली. पण अर्जुनाहून श्रेष्ठ धनुर्धर होऊ देणार नाही, हे द्रोणाचे वचन आदिपर्वातच आहे. ती दक्षिणा नव्हती. निषादपुत्राला स्पर्धेतून बाद करणे होते. त्याच पर्वात एकलव्य पुढे उरलेल्या बोटांनी बाण सोडतो. पूर्वीची चपळाई मात्र राहत नाही. विद्या अधू करता आली, हिरावून घेता आली नाही. हे शेवटचे वाक्य आम्ही शिक्षकांनी का गाळले?

त्या विद्यार्थ्याच्या घरी आता तीरकमठा नाही. पण कमानीसाठी बांबू कसा निवडायचा, हे त्याच्या आजीला ठाऊक आहे. पुढचा तास तिच्यापासून सुरू करायचा, असे मी ठरवले आहे.