खडीच्या रस्त्यावरील लांब पल्ल्याची सायकल स्पर्धा : शरीराची तयारी आणि घ्यायची काळजी

२०० किलोमीटरची बीआरएम साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केलेले अनेक सायकलपटू महाराष्ट्रात आहेत. तुम्ही त्यांपैकी असाल आणि आता खडी-मातीच्या रस्त्यावरील म्हणजेच ‘ग्रॅव्हल’ स्पर्धेचा विचार करत असाल, तर एक गोष्ट आधी समजून घ्या. अशा स्पर्धेत बहुतेकांचे पाय शेवटपर्यंत साथ देतात. अडचण येते ती हात, बैठक, पोट आणि शरीरातील पाणी-मीठ यांच्यामुळे. त्रास बहुधा हळूहळू वाढत जातो, म्हणून तो वेळीच ओळखला तर टाळता येतो.

ग्रॅव्हल स्पर्धा वेगळी कशी?

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध स्पर्धा अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, एम्पोरिया या गावी होते. २००६ साली सुरू झालेली ही स्पर्धा आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने ओळखली जाते. तिचे मुख्य अंतर २०० मैल, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटर आहे. विजेते ते नऊ-दहा तासांत कापतात, पण हौशी सायकलपटूला पंधरा-वीस तासही लागतात. रस्ता ‘फ्लिंट हिल्स’ या गवताळ टेकड्यांमधून जातो. तिथला गारगोटीसारखा धारदार दगड टायर फाडतो, आणि पाऊस झाला की चिकट चिखलात चाके अडकतात. स्पर्धा मे-अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला असल्याने ऊनही असते. दोन थांब्यांच्या मधल्या लांब टप्प्यात आपले पाणी, खाणे आणि दुरुस्ती आपणच पाहायची असते.

डांबरी रस्त्याच्या तुलनेत येथे तीन गोष्टी वाढतात : सततचे हादरे, वेग कमी असल्याने सीटवर बसण्याचा वेळ आणि मदत मिळण्यास लागणारा वेळ. तयारी या तिन्हींची करायची आहे.

आधी तपासणी कोणी करून घ्यावी?

वय ४० च्या पुढे असेल, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असेल, धूम्रपान करत असाल किंवा घरात कमी वयात कोणाला हृदयविकार झाला असेल, तर तयारी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. ते गरजेप्रमाणे ईसीजी, स्ट्रेस टेस्ट आणि रक्ततपासणी सांगतील. व्यायाम करताना छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा अचानक धडधड होणे असा त्रास पूर्वी झाला असेल, तर वय कितीही असो, तपासणी हवीच.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डोसबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावे. इन्सुलिन आणि साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्यांमुळे लांब राइडमध्ये साखर धोकादायकरीत्या कमी होऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या घेताना शरीरातील पाणी कमी झाले, तर कीटोॲसिडोसिसचा धोका वाढतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर तेही सांगा. दमा असल्यास धूळ लक्षात घेऊन इनहेलर खिशातच ठेवा. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे केव्हा घेतले, हेही पाहून ठेवा.

सरावाचे नियोजन

एका दिवसात १०० किलोमीटर आरामात होत असतील, तर साधारण १६ आठवडे हाताशी ठेवा. आठवड्याचे एकूण तास एकदम वाढवू नका. दर आठवड्याला सुमारे १० टक्के वाढ पुरेशी आहे, आणि दर चौथा आठवडा हलका ठेवा. सर्वांत लांब सराव स्पर्धेच्या अंतराच्या ६० ते ७० टक्के झाला तरी चालतो. शेवटचे दोन आठवडे सराव निम्म्यावर आणा. या काळात झोप भरून काढणे हीच तयारी असते.

आठवड्यातून एकदा तरी मुरमाच्या, कच्च्या रस्त्यावर चालवा. डांबरावर कमावलेला दम खडीवर उपयोगी पडतो, पण मनगटे, खांदे, मान आणि कंबर यांना हादऱ्यांची सवय त्याने होत नाही. त्यासाठी आठवड्यातून दोनदा प्लँक, उठाबशा आणि पाठीचे व्यायाम करा.

स्पर्धा उन्हाळ्यात असेल, तर शेवटच्या महिन्यात १० ते १४ दिवस रोज तास-दीड तास उष्ण वेळी हलका व्यायाम करा. त्यामुळे घाम लवकर सुटू लागतो आणि नाडीवरचा ताण कमी होतो.

हाताला मुंग्या येणे

तळहाताच्या करंगळीकडील भागातून अल्नार नस जाते. हँडलवर सतत भार आणि त्यात हादरे, यामुळे ती दबते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग बधिर होतो. दुर्लक्ष केल्यास बोटांची पकड कमजोर होते आणि बरे होण्यास काही आठवडे किंवा महिनेही लागतात.

टाळण्यासाठी रुंद टायर वापरा (४० मिलिमीटर किंवा अधिक) आणि त्यात हवा डांबरी रस्त्यापेक्षा कमी ठेवा. हँडलला जाड टेप लावा, हातमोजे घाला, दर काही मिनिटांनी पकड बदला. हँडल फार खाली किंवा दूर असेल तर शरीराचा भार हातांवर येतो, म्हणून सायकलचे माप जाणकाराकडून जुळवून घ्या. स्पर्धेनंतर दोन आठवड्यांतही बधिरपणा गेला नाही किंवा पकड कमजोर वाटली, तर डॉक्टरांना दाखवा.

बैठकीचे त्रास

घाम, घर्षण आणि दाब यांमुळे त्वचा सोलवटते, केसांच्या मुळाशी फोड येतात आणि कधी गळूही होते. पॅड असलेली सायकलिंग शॉर्ट्स आतील कपड्याशिवाय घाला, क्रीम लावा आणि राइड संपताच ओली शॉर्ट्स बदला. लाज वाटून अनेकजण जांघेतील किंवा लिंगाचा बधिरपणा सांगत नाहीत. तो सीटमुळे नस आणि रक्तवाहिन्या दबल्याचा इशारा असतो. दर १०-१५ मिनिटांनी पेडलवर उभे राहा. तरीही पुन्हा पुन्हा होत असेल तर सीटची रुंदी, उंची आणि कल बदला. स्त्रियांनाही हा त्रास होतो. वेगळ्या आकाराची सीट अनेकींना उपयोगी पडते. नवी सीट किंवा नवी शॉर्ट्स स्पर्धेच्या दिवशी प्रथमच वापरू नका.

तासाला किती खावे?

लांब राइडमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. पोटाला सवय केली असेल आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज दोन्ही असलेले पदार्थ घेत असाल, तर ९० ग्रॅमपर्यंतही पचतात. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात. केळी, खजूर, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, गूळपोळीचे तुकडे हे सारे चालते. मात्र तेलकट आणि खूप तंतुमय पदार्थ जड पडतात. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच खायला सुरुवात करा. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. जे खाणार आहात ते सरावात खाऊन पाहा.

पाणी : कमी जसे वाईट, तसे जास्तही

‘तहान लागण्याआधी भरपूर पाणी प्या’ हा सल्ला आपण सर्वांनी ऐकला आहे. पंधरा तासांच्या, सावकाश चाललेल्या राइडमध्ये तो घातक ठरू शकतो. घामातून जाते त्यापेक्षा जास्त पाणी पोटात गेले की रक्तातील सोडियम पातळ होते. ते १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असायला हवे. ते फार खाली गेले तर मेंदूला सूज येते.

आपला घाम मोजणे सोपे आहे. एक तासाच्या राइडआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा वजन ६८ वरून ६७.३ किलो झाले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलात, तर तासाला सुमारे १.२ लिटर घाम गेला. हा आकडा वरची मर्यादा समजा. प्रत्यक्षात तहानेप्रमाणे प्या. स्पर्धेअखेर वजन थोडे कमी होणे स्वाभाविक आहे, वाढणे मात्र धोक्याचे.

केवळ साधे पाणी न पिता काही बाटल्यांत ओआरएस घ्या. एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळा. त्याबरोबर खारट पदार्थ खा. पण मीठ घेतले म्हणून कितीही पाणी चालते, असे नाही.

चिखल लागलेल्या बाटलीने थेट पाणी पिऊ नका. २००७ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात एका माउंटन बाइक शर्यतीनंतर अनेक स्पर्धकांना कॅम्पिलोबॅक्टर जंतूंमुळे जुलाब झाले, आणि त्याचा संबंध तोंडात गेलेल्या चिखलाशी आढळला. गुरांच्या कुरणातून जाणाऱ्या रस्त्यावर झाकण असलेली बाटली वापरा आणि ओढ्याचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.

वेदनाशामक गोळ्या नकोत

सुरुवातीआधी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेण्याची सवय असेल तर ती सोडा. शरीरातील पाणी कमी असताना आणि स्नायूंवर ताण असताना या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात आणि सोडियम कमी होण्याचा धोकाही वाढवतात. शिवाय थांबण्याचा इशारा देणारी वेदना त्या झाकून टाकतात.

केव्हा थांबावे?

पुढीलपैकी काहीही दिसले तर स्पर्धा सोडा आणि मदत मागा :

• छातीत दुखणे, भोवळ येणे, श्रमाच्या मानाने खूप धाप लागणे.
• असंबद्ध बोलणे, वागण्यात बदल, तोल जाणे. उन्हात हे उष्माघाताचे लक्षण असू शकते. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो.
• डोके दुखणे, वारंवार उलटी, बोटे सुजून अंगठी घट्ट होणे, गोंधळल्यासारखे होणे. सोडियम कमी झाल्याची शक्यता असते.
• पडल्यावर डोक्याला मार लागून मळमळ, विस्मरण किंवा गुंगी येणे. हेल्मेट फुटले असेल तर बरे वाटत असले तरी थांबा.
• लघवी कोलासारखी गडद होणे.

उष्माघाताचा संशय आला तर आधी थंड करा, मग हलवा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, बर्फाच्या किंवा गार पाण्यात बसवा. तशी सोय नसेल तर अंगावर सतत पाणी ओतून वारा घाला. गोंधळलेल्या व्यक्तीला जबरदस्तीने पाणी पाजू नका. सोडियम कमी असेल तर त्याने प्रकृती आणखी बिघडते. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८, अमेरिकेत ९११ हा क्रमांक आहे.

खरचटल्यास जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. खडीचे कण आत राहिले तर संसर्ग होतो. मळलेली जखम असेल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाच वर्षांहून अधिक झाली असतील, तर ते घ्या.

स्पर्धेनंतर

पहिल्या तासा-दोन तासांत जेवा, त्यात डाळ, अंडी, दही यांसारखी प्रथिने असू द्या. पाणी तहानेप्रमाणेच प्या. झोप अपुरी झाली असताना स्वतः गाडी चालवत घरी परतू नका. दोन-तीन दिवस विश्रांती घ्या. लघवी गडदच राहिली किंवा खूप कमी झाली, स्नायू सुजले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

निघण्यापूर्वीच सोबत्याशी एक गोष्ट ठरवून ठेवा. वरील लक्षणे तुमच्यात दिसली तर थांबण्याचा निर्णय त्याने घ्यायचा आणि तुम्ही तो ऐकायचा. मेंदूला उष्णतेचा किंवा सोडियमच्या कमतरतेचा त्रास होऊ लागला की ‘मी ठीक आहे’ असे स्वतःलाच वाटत राहते. म्हणून हा करार सुरुवातीच्या रेषेवर, डोके थंड असताना करावा. स्पर्धा पुढच्या वर्षी पुन्हा असते.