कूपरेज ते अंधेरी : मुंबईतल्या व्यावसायिक फुटबॉलची कुळकथा

मुंबई सिटी एफसीचा सामना असला की आझाद नगरच्या मेट्रो स्थानकात फिकट निळे शर्ट दिसू लागतात. मुलुंड-भांडुपची मंडळी घाटकोपरला गाडी बदलून आलेली असतात, बोरिवली-कांदिवलीची अंधेरीला उतरून. सगळे निघालेले असतात ते महापालिकेच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलाकडे. तिथल्या मैदानाला आता मुंबई फुटबॉल अरेना म्हणतात. साधारण सात-आठ हजार माणसं मावतील एवढंच ते मैदान, पण व्यावसायिक फुटबॉलला उपनगरात हक्काचं घर मिळालं ते इथेच. या खेळाचं मुंबईतलं घराणं दक्षिण मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं. पण ज्या फ्रँचायझी पद्धतीवर आजचा संघ उभा आहे, तिचं आजोळ अमेरिकेत आहे.

कूपरेजच्या घराण्याची नोंद १८९१ पासून मिळते. त्या वर्षी मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला आणि पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. पुढची अनेक वर्षं ही स्पर्धा गोऱ्या पलटणींचीच राहिली. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने चषक जिंकला, तेव्हा कुठे एका भारतीय नागरी संघाचं नाव त्यावर कोरलं गेलं. १९५० ते ५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी चषक आपल्याकडे ठेवला. कलकत्त्याचे, हैदराबादचे, गोव्याचे संघ रोव्हर्ससाठी मुंबईत येत आणि कूपरेजच्या गॅलऱ्या भरत.

मुंबईचे स्वतःचे संघ मात्र कंपन्यांचे होते. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया. खेळाडू त्या कंपनीच्या हजेरीपटावर असे. त्याला पगार मिळे तो नोकरीचा आणि निवृत्तीपर्यंतची हमीही नोकरीचीच. वांद्र्यापासून मालाडच्या ऑर्लेम आणि बोरिवलीच्या आयसी कॉलनीपर्यंत चर्चच्या आवारांत, शाळांच्या मैदानांवर फुटबॉल खेळणाऱ्या पोरांसाठी या नोकऱ्या फार मोलाच्या होत्या. टाटा आणि कॅलटेक्सकडून खेळलेला नेव्हिल डिसूझा १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला गेला आणि त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत तो सामना ४-२ असा जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. वांद्र्याच्या एका मैदानाला आज त्याचं नाव आहे.

कांदिवलीला ज्यांचा मोठा कारखाना, त्या महिंद्र अँड महिंद्रने १९६२ मध्ये संघ काढला. पुढे तो महिंद्र युनायटेड झाला आणि २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता ठरला. त्या लीगचं विजेतेपद मुंबईला मिळालं ते तेवढं एकदाच. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला. कंपनीच्या संघाची ही मूळचीच कमजोरी. तो कंपनीच्या मर्जीवर चाले. शहराचा त्याच्यावर हक्क नसे आणि तो गेला तर शहराला विचारण्याचं कारणही नसे.

आता आजोळाकडे वळू. अमेरिकेने फुटबॉल विकत घेऊन पाहिला तो १९७० च्या दशकात. नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग १९६८ मध्ये सुरू झाली होती. १९७५ मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉसने पेलेला करारबद्ध केलं आणि देशभर कुतूहल जागं झालं. ऑगस्ट १९७७ मध्ये कॉसमॉसच्या एका सामन्याला जायंट्स स्टेडियममध्ये ७७,६९१ प्रेक्षक होते. पुढच्याच महिन्यात, २४ सप्टेंबरला, हाच संघ पेलेसह कलकत्त्याला आला आणि ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी २-२ असा बरोबरीत खेळला. अमेरिकन क्लब फुटबॉलशी भारताची ही गाजलेली भेट. पण अमेरिकेत लीगने संघ झपाट्याने वाढवले, ताऱ्यांवर पैसा ओतला, मैदानं दुसऱ्या खेळांकडून भाड्याने घेतली. पेले गेल्यावर गर्दी ओसरली आणि १९८४ च्या हंगामानंतर लीग बंद पडली.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेला मिळाला तो देशात पुन्हा व्यावसायिक लीग सुरू करण्याच्या आश्वासनावर. त्या विश्वचषकाला सुमारे ३५ लाख ८७ हजार प्रेक्षक आले. तेव्हाचा तो उच्चांक होता. ६ एप्रिल १९९६ रोजी मेजर लीग सॉकरचा पहिला सामना झाला. संघ दहा होते. रचना युरोपपेक्षा अगदी निराळी : खेळाडूंचे करार लीगशी, पगारावर मर्यादा, आणि शेवटचा क्रमांक आला तरी संघ खालच्या श्रेणीत ढकलला जाणार नाही. मालक लीगमध्ये वाटा घेई आणि त्याला एक शहर मिळे.

तरीही ही लीग बुडता बुडता वाचली. २००२ च्या हंगामाआधी फ्लोरिडातले दोन्ही संघ बंद करावे लागले. उरलेले दहा संघ तीनच मालकांच्या हाती होते. त्यांतले सहा एकट्या फिलिप अँशुट्झ यांचे. त्या मालकांनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत. एक म्हणजे चिकाटी, दुसरी म्हणजे मैदान. कोलंबसमध्ये त्यांच्यापैकी लमार हंट यांनी १९९९ मध्येच खास फुटबॉलसाठी वीस-बावीस हजारांचं स्टेडियम उभारलं होतं. सत्तर हजारांच्या उसन्या मैदानात वीस हजार माणसं हरवून जायची. इथे तेवढ्याच माणसांनी मैदान गच्च भरू लागलं. मग एकेक शहराने तोच रस्ता धरला. बेकहॅम २००७ मध्ये आला, मेस्सी २०२३ मध्ये. २०२५ मध्ये लीगमधले संघ तीस झाले. ताऱ्यांच्या बातम्या जगभर गेल्या. पण पायाभरणी आधी मैदानांनी केली होती.

योगायोग असा की भारतातली राष्ट्रीय फुटबॉल लीगही १९९६ मध्येच सुरू झाली. अंधेरीच्या क्रीडासंकुलाने त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरला गर्दी पाहिली ती मायकल जॅक्सनच्या कार्यक्रमाची. व्यावसायिक फुटबॉल तिथे पोचायला आणखी वीस वर्षं लागली.

तो पोचला तो वळणावळणाने. क्लीव्हलंडमध्ये १९६० साली मार्क मॅकॉर्मॅक यांनी खेळाडूंचे करार सांभाळायला आयएमजी ही कंपनी काढली. २००८ मध्ये आयपीएलची घडी बसवताना आयएमजीची माणसं ललित मोदींबरोबर होती. शहरांचे संघ विकण्याची अमेरिकन पद्धत क्रिकेटमधून भारताच्या अंगवळणी पडली. २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्यातून २०१४ मध्ये आठ संघांची इंडियन सुपर लीग आली. तिथेही शहर विकत मिळे आणि पदावनती नसे.

पदावनती नसण्याचं मोल मुंबईला लवकरच कळलं. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी हा क्लब राष्ट्रीय फुटबॉल लीगची जागा घेतलेल्या आय-लीगच्या जुन्या शिडीवर होता. २०१७ मध्ये तो तळाला गेला, खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि बंद झाला. त्याच हंगामात, मुंबई एफसीला अनेक वर्षं घडवलेल्या खालिद जमील यांनी मिझोरमच्या आयझॉल एफसीला विजेतेपद मिळवून दिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तेच भारताचे प्रशिक्षक झाले.

रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्या मुंबई सिटी एफसीचा, आणि सुपर लीगचाही, पहिला सामना १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर झाला. मुंबई ३-० अशी हरली. अमेरिकेत सिएटल आणि शिकागोकडून खेळून आलेला फ्रेडी यूनबर्ग मुंबईचा पहिला तारा. पहिले दोन हंगाम घरचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले. ते क्रिकेटचं मैदान. प्रेक्षक आणि खेळ यांच्यात मोठं अंतर. २०१६ मध्ये संघ अंधेरीला आला आणि ते अंतर मिटलं. २०१० च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू दिएगो फोर्लान याने मुंबईकडून त्याच वर्षी नोव्हेंबरात केरळ ब्लास्टर्सवर केलेली हॅटट्रिक उपनगरातल्या पोरांनी काही मीटरांवरून पाहिली.

लोकप्रियता सरळ रेषेत मात्र वाढली नाही. १ जून २०१८ रोजी याच मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० असं हरवलं. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि ते पाहायला होते २,५६९ प्रेक्षक. छेत्रीने चित्रफीत काढून लोकांना विनवलं : टीका करायची तर करा, पण मैदानात येऊन करा. ४ जूनला केनियाविरुद्ध तो शंभरावा सामना खेळायला उतरला तेव्हा सगळी तिकिटं संपली होती. पाऊस धो धो कोसळत होता आणि माणसं जागची हलली नाहीत. भारत ३-० असा जिंकला.

१७ मार्च २०१९ रोजी सुपर लीगचा अंतिम सामना अंधेरीत झाला. बेंगळुरू आणि गोवा यांच्यात ११६ मिनिटं गोल नव्हता. ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर उडी घेऊन चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला तो मुंबईच्याच राहुल भेकेने, बेंगळुरूसाठी. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. अमेरिकन लीगमधल्या न्यूयॉर्क सिटीचेही मालक हेच. २०२०-२१ मध्ये मुंबईने लीग शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले, पण कोविडमुळे गोव्यात, प्रेक्षकांविना. तोवर मुंबईकडे आलेल्या भेकेच्या गोलवर एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून, एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान संघाने मिळवला. आणि ४ मे २०२४ रोजी, जिथे दहा वर्षांपूर्वी सलामीला हार झाली होती त्याच सॉल्ट लेकवर, कर्णधार भेकेच्या संघाने मोहन बागानला ३-१ असं नमवून चषक आणला.

नंतर अडचण आली. महासंघाशी झालेला पंधरा वर्षांचा तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला, नवा झाला नाही, हंगाम रखडला. त्याच महिन्यात सिटी ग्रुपने आपला हिस्सा मूळ मालकांकडे परत दिला. लीग १४ फेब्रुवारी २०२६ पासून सुरू होईल, असं अखेर केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं.

ही वेळ अमेरिकेच्या २००२ सारखीच आहे. आपण अमेरिकेकडून फ्रँचायझी घेतली, तारे घेतले, शहराच्या नावाचा संघ घेतला. खास फुटबॉलची मैदानं मात्र पुरेशी घेतली नाहीत. २०२३ मध्ये मुंबई सिटीला आशियाई सामने पुण्याला आणि नेरूळला खेळावे लागले, कारण अंधेरीचं मैदान त्या निकषांत बसत नव्हतं. बेसबॉलच्या यँकी स्टेडियमवर दिवस काढणारा न्यूयॉर्क सिटी क्वीन्समध्ये स्वतःचं स्टेडियम बांधून घेतो आहे. अंधेरीचं मैदान तर महापालिकेच्या, म्हणजे मुंबईकरांच्याच मालकीचं आहे. त्याची प्रेक्षकसंख्या वाढवणं, ते आशियाई दर्जाचं करणं आणि शालेय संघांसाठीही खुलं ठेवणं हे पालिकेच्या हातात आहे. मैदान भरणं मात्र उपनगरांच्या हातात आहे. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या वाचकांनी पुढच्या घरच्या सामन्याची तिकिटं काढावीत, आणि घरातल्या मुलामुलींनाही सोबत न्यावं.