खो-खोच्या खेळांतील वैयक्तिक मान

नऊ जणांच्या खेळांत एकाच्याच गळ्यांत माळ घालणें सोपें नाहीं. खो-खोंत तर तें फारच बिकट.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं या खेळाचे नियम बांधले. १९५९-६० सालीं विजयवाडा येथें पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि पुढच्याच वर्षीं कोल्हापुरास स्त्रियांची. १९६३-६४ पासून सर्वोत्तम खेळाडूस वैयक्तिक पुरस्कार देण्याचा प्रघात पडला. पुरुषांस ‘एकलव्य’, स्त्रियांस झांशीच्या राणीच्या नांवाचा, व कुमारांस ‘वीर अभिमन्यु’. कुमारींचा ‘जानकी’ आणि किशोर-किशोरींचे ‘भरत’ व ‘इला’ हे पुरस्कारही आज त्या पंक्तींत आहेत.

हीं नांवें ठेवणारा पुराणांत मुरलेला असावा. पण एकलव्य अरण्यांत एकटाच शिकला. त्याला ना संघ, ना सोबती. संघाच्या खेळांतील मानास त्याचें नांव द्यावें, याचें मला नेहमीं नवल वाटतें. अभिमन्यु मात्र चपखल बसतो. तिघांच्या तुकडीनें मैदानांत उतरावें, सोबती बाद व्हावेत, आणि उरलेल्या एकानें खांबांमधून वाट काढीत हुलकावण्या देत राहावें, हें चक्रव्यूहाचेंच चित्र होय.

आतां माप कसें घ्यावयाचें तें पाहा. संरक्षण करणारा किती मिनिटें व किती सेकंद टिकला, तें घड्याळ सांगतें. आक्रमण करणाऱ्यानें किती गडी टिपले, तेंही गुणपत्रिकेंत उतरतें. पण पाठलाग करणाऱ्यास मध्यरेषा ओलांडतां येत नाहीं, कीं एकदां घेतलेली दिशा मोडतां येत नाहीं. म्हणून गडी हुकला कीं बसलेल्या सोबत्यास खो द्यावा लागतो. असे चार-पांच खो अचूक पडले, म्हणजे पळणारा खांबाशीं कोंडला जातो, आणि शेवटचा सूर मारून त्याला शिवतो. गडी लिहिला जातो तो शिवणाऱ्याच्या नांवावर! ज्यानें नेमक्या क्षणीं खो दिला, त्याच्या नांवापुढें कांहींच पडत नाहीं. शाळेंतील मुलांचे सामने पाहतांना ही गोष्ट मला नेहमीं खटकत आली आहे. संघांतील सर्वांत समंजस मुलगा बहुधा हाच असे, आणि बक्षिसाच्या वेळीं तोच मागें उभा राही.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. महाराष्ट्रांत सरकारी नोकऱ्यांमध्यें खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत; शेतकऱ्याच्या वा मजुराच्या घरीं अशा एका जागेनें साऱ्या घराचे दिवस पालटतात.

राष्ट्राच्या दरबारीं मात्र या खेळाचें नशीब फार चंचल राहिलें. खो-खोंतील पहिला अर्जुन पुरस्कार १९७० सालीं गुजरातचे सुधीर परब यांस मिळाला, पुढच्या वर्षीं अचला देवरे यांस, आणि १९७५ सालीं आपल्या श्रीरंग इनामदारांस. १९९८ सालीं शोभा नारायण यांचा गौरव झाला, तो शेवटचा ठरतो कीं काय असें वाटूं लागलें. पुढचा अर्जुन पुरस्कार धाराशिवच्या सारिका काळे यांना लाभला, तो थेट २०२० सालीं! मधल्या २२ वर्षांत किती चांगले खेळाडू झाले आणि निवृत्तही झाले!

२०२२ सालीं पुण्यास ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. तींत सामन्यागणिक उत्कृष्ट आक्रमक व उत्कृष्ट संरक्षक निवडूं लागले. खेळाची एक बाजू एकास आणि दुसरी दुसऱ्यास, ही वांटणी मला अधिक न्यायाची वाटते. जरी खो देणारा तेथेंही उपेक्षितच आहे. त्याच स्पर्धेंत आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नईच्या संघांतून खेळला. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिला विश्वचषक झाला, तेव्हां प्रतीक वाईकर याच्या नेतृत्वाखालील विजयी भारतीय संघांतही तो होता.