प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारानंतर लघवीचा आणि वैवाहिक त्रास : लपवू नका, इलाज आहे

प्रोस्टेटच्या कॅन्सरमधून वाचलेले अनेक पुरुष दोन गोष्टी घरात कुणालाच सांगत नाहीत. एक, लघवी थांबत नाही. दुसरी, बायकोशी पूर्वीसारखा संबंध जमत नाही. मग लाजेपोटी मस्जिदीत जाणं सुटतं, नवरा-बायकोत अबोला येतो. या दोन्ही त्रासांवर इलाज आहे.

असं का होतं?

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते आणि लघवीची नळी तिच्यातूनच जाते. ऑपरेशनने ग्रंथी काढली की लघवी धरून ठेवणारा स्नायू कमजोर पडू शकतो. ताठरता आणणाऱ्या नसाही ग्रंथीला लागूनच असतात. प्रत्येक वेळी त्या वाचवता येत नाहीत. रेडिएशननंतर आधी लघवीला जळजळ होते, वारंवार जावं लागतं. ताठरता मात्र हळूहळू, काही वर्षांत कमी होते. हॉर्मोनच्या इंजेक्शनांनी इच्छाच मंदावते. यात मर्दानगीचा काही प्रश्न नाही.

लघवी गळत असेल तर

ऑपरेशननंतरची नळी काढल्यावर खोकताना, उठताना लघवी गळणं नेहमीचं आहे. बहुतेकांना काही महिन्यांपासून वर्षभरात बराच फरक पडतो. लघवीची धार मध्येच थांबवताना जो स्नायू आवळतो, तो ओळखा. पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका. नळी असताना हा व्यायाम करू नका. चहा-कॉफी कमी करा, पण पाणी तोडू नका. तोवर पॅड वापरा. वर्षभरानंतरही खूप गळत असेल तर स्लिंग किंवा कृत्रिम स्फिंक्टर बसवण्याचं ऑपरेशन असतं.

लघवीतून रक्त आलं, ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच डॉक्टरांना गाठा.

नमाजचं काय?

लघवी सतत गळणाऱ्याला शरीअतमध्ये माजूर मानून सवलत दिली आहे. हनफी मसलकात, एका नमाजच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळाली नाही, तर माणूस माजूर ठरतो. मग त्याने प्रत्येक वेळेसाठी नवा वुजू करावा. त्या कारणाने तो वेळ संपेपर्यंत तुटत नाही. आपल्या कोकणात पाळल्या जाणाऱ्या शाफई मसलकात वेळ सुरू झाल्यावर स्वच्छता करून, पॅड बांधून, प्रत्येक फर्जसाठी वेगळा वुजू करायचा असतो. आपली स्थिती जवळच्या आलिमांना स्पष्ट सांगून मसला विचारा.

वैवाहिक संबंध

ऑपरेशनमध्ये नसा वाचवल्या असल्या तरी त्या सावरायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गोळ्या अनेकांना उपयोगी पडतात, पण डॉक्टरांना विचारूनच घ्या. हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची औषधं चालू असतील तर या गोळ्या घेऊच नका. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. गोळ्या लागू पडल्या नाहीत तर व्हॅक्यूम पंप, लिंगात घ्यायचं इंजेक्शन आणि शेवटी इम्प्लांट हे मार्ग आहेत. इंजेक्शननंतर ताठरता चार तासांहून जास्त राहिली तर थेट इमर्जन्सीत जा.

ग्रंथी काढल्यावर वीर्य बाहेर येत नाही, पण सुखाची भावना राहू शकते. मूल हवं असेल तर उपचार सुरू होण्याआधीच वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. टेस्टिसच्या किंवा रक्ताच्या कॅन्सरच्या तरुण रुग्णांनी तर हे नक्कीच विचारावं.

भिंतींवर जाहिराती करणाऱ्या ‘गुप्तरोग तज्ज्ञां’च्या पुड्यांपासून लांब राहा. अशा काही पुड्यांत न सांगता सिल्डेनाफिलच मिसळलेलं आढळलं आहे. हृदयरोग्याला ते महागात पडतं.

विचारायचं कुणाला?

आधी ऑपरेशन किंवा रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरांना, मग युरोलॉजिस्टला. संकोच वाटत असेल तर प्रश्न कागदावर लिहून द्या. बायकोलाही सोबत न्या. हा त्रास दोघांचा आहे. खर्चाची अडचण असेल तर परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो, तिथे चौकशी करा. आणि मुलांनो, अब्बा बाहेर पडणं टाळू लागले असतील तर त्यांच्यावर रागावू नका. पॅडचं पाकीट आणून गुपचूप त्यांच्या कपाटात ठेवा आणि डॉक्टरांची वेळ घ्या.