बोट टोचल्यापासून गोळीपर्यंत

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की पुलावरून पाणी जायचं आणि पलीकडची गावं तुटायची. हिवताप जोर धरतो तो याच दिवसांत. म्हणून इथे रक्ताच्या रिपोर्टला किती वेळ लागतो, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या घड्याळाने सुटत नाही. बोट टोचलं तिथून वेळ मोजायचा, आणि तो थांबतो योग्य गोळी रुग्णाच्या पोटात गेली तेव्हाच.

खुद्द तपासणीला वेळ कधीच फार लागला नाही. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी 1944 साली रक्ताची काच झटपट रंगवणारं द्रावण दिलं. जेएसबी या नावाने ते पुढे प्रयोगशाळांमध्ये रुळलं. वेळ जायचा तो वाटेवर. 1958 च्या हिवताप निर्मूलन कार्यक्रमात आरोग्य कर्मचारी दर पंधरवड्याला दारोदार जायचा. आता ताप आहे का, मधल्या दिवसांत येऊन गेला का, असं विचारून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा. या काचा सुमारे दहा लाख लोकसंख्येमागे असलेल्या युनिटच्या प्रयोगशाळेत जायच्या. देशातले रुग्ण 1961 पर्यंत पन्नास हजारांच्या आसपास उतरले होते, ते 1976 मध्ये 64 लाखांवर गेले. मग 1977 च्या सुधारित योजनेने सूक्ष्मदर्शक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणला.

पण केंद्रही जंगलातल्या टोल्यापासून दूरच. रिपोर्ट उशिरा येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, आणि औषधाची रीतही त्यावरच बेतलेली होती. रक्त घेतानाच मोठ्या माणसाला क्लोरोक्वीनच्या चार गोळ्या द्यायच्या. याला म्हणत गृहीतोपचार. काच पॉझिटिव्ह आली की समूळ उपचार. तोवर ताप उतरलेला असायचा आणि माणूस रोवणीला गेलेला असायचा. त्याला शोधून समूळ उपचारातलं प्रायमाक्विन देणं हे कर्मचाऱ्याचं सगळ्यात कष्टाचं काम, आणि त्याची दाद फारशी कुणी घेतली नाही. फाल्सिपेरम या हिवतापाच्या सर्वांत घातक जंतूची लागण झालेल्या रुग्णाच्या रक्तात साधारण दहा दिवसांनी डासाला लागण देणारी रूपं तयार होतात. म्हणजे रिपोर्ट रखडला की आजार शेजारच्या घरात जायला मोकळा.

ही रीत मोडली ती औषधच निकामी होऊ लागलं म्हणून. 1973 मध्ये आसामात क्लोरोक्वीनला न जुमानणारा फाल्सिपेरम सापडला, पुढे तो देशभर पसरला. त्याच दशकात भामरागडजवळच्या हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांचा दवाखाना सुरू झाला. मेंदूला चढलेल्या हिवतापाचे रुग्ण तिथे खाटेवरून आणले जात. अशा रुग्णाच्या हातात दिवस नसतात, तास असतात.

काचेला पर्याय आला किटचा. बोटातून थेंबभर रक्त, त्यावर द्रावण, आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघ. ते आशाताईच्या पिशवीत मावतं. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आता रेषाच आखून दिली आहे: काचेचा निकाल 24 तासांत मिळत असेल तर काच, नसेल तर किट. गृहीतोपचार बंद झाला. दुर्गम भागासाठी या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत न्याय्य निर्णय, असं मला मनापासून वाटतं. कारण त्यात उशिराचं ओझं तापाने फणफणलेल्या माणसावरून काढून व्यवस्थेवर टाकलं आहे.

काच मात्र अजून लागते. किट फाल्सिपेरमचं एक प्रथिन ओळखतं, आणि ते रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. जंतू खरोखर गेले का, हे सूक्ष्मदर्शकच सांगतो. शिवाय काच पुराने अडायची, किट उन्हाने बिघडतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या खोक्याला 40 अंशांपेक्षा जास्त ऊन लागतं, आणि नेमका तोच महिना पावसाआधी पर्लकोटेपलीकडे साठा पोचवण्याचा असतो.