व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचे आहे? शिक्षण, नोंदणी आणि प्रत्यक्ष काम

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली ती तरतूद आजही आहे. पाळतो कोण, हा भाग वेगळा. पण दारू सोडवण्याचे काम करणाऱ्या समुपदेशकासाठी मात्र आपल्या देशात असा स्वतंत्र परवाना नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात त्यासाठी पदवी, व्यसनविषयक २७० तासांचा अभ्यास, ८८० तासांचे देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम आणि वर परीक्षा असा रस्ता आहे. आपल्याकडे कालपर्यंत केंद्रात दाखल असलेला माणूसही उद्या दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावू शकतो. म्हणूनच या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांनी रस्ता नीट समजून घेतला पाहिजे.

गरज किती आहे? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के भारतीय दारू पितात, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. उरलेले ३७ आपल्याच गल्लीत, आपल्याच नात्यात असतात.

शिक्षण आणि नोंदणी

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा या क्षेत्राचा मुख्य कायदा. दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्था त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे होते. सायकियाट्रिक सोशल वर्करसाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. अशी अट कायद्यातच लिहिलेली आहे. माझी स्वतःची पदव्युत्तर पदवी समाजशास्त्राची आहे. केंद्रात काम करायला ती चालते, या नोंदणीला चालत नाही. बारावीनंतर किंवा पदवीच्या वर्षात असलेल्यांनी हा फरक आजच लक्षात ठेवावा. त्यातच २०२२ च्या नियमावलीने यूजीसीने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली आणि पुढे या विषयांपुरती तात्पुरती मुदतवाढ दिली. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी त्या अभ्यासक्रमाला आज कोणती मान्यता आहे, हे लेखी विचारून घ्या. माहितीपत्रकावर विसंबू नका.

ही झाली वरची पायरी. बहुसंख्य समुपदेशक मात्र समाजकार्य किंवा मानसशास्त्रातील पदवी, पदव्युत्तर पदवीवर काम सुरू करतात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, नागपुरात तिरपुडे महाविद्यालय ही समाजकार्य शिकवणारी जुनी ठिकाणे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते आणि वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. दोन्हींच्या तारखा चुकवू नका, दरवर्षी अनेकांच्या चुकतात.

व्यसनविषयक खास प्रशिक्षण दिल्लीची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशल डिफेन्स आणि तिच्याशी जोडलेल्या संस्था देतात. पुण्याचे मुक्तांगण हे आपल्याकडचे महत्त्वाचे प्रशिक्षण केंद्र. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले. कोलंबो प्लॅनने तयार केलेला अभ्यासक्रम आणि त्यावर आधारलेली आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षाही आहे. ते प्रमाणपत्र कामाचे, पण तो सरकारी परवाना नव्हे, हे विसरू नये.

२०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात वर्तन आरोग्य या गटात समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते येतात. नोंदणीची व्यवस्था पूर्ण उभी राहील तेव्हा आजच्या अनेक पाट्या उतरतील, असे मला वाटते. उतरायलाच हव्यात.

काम नेमके काय असते

समुपदेशन म्हणजे समजावणे, असा आपल्याकडे ठाम समज आहे. समजावून सोडण्यासारखी असती तर घरातल्या बाईने ती कधीच सोडवली असती. पहिले काम तपासणीचे. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ ही चाचणी असते, गुण ० ते ४०. साधारण ८ च्या पुढे धोका आणि २० च्या पुढे व्यसनाधीनतेची दाट शक्यता मानतात. मग उपचारांची आखणी, वैयक्तिक व गटातील सत्रे, कुटुंबाशी बोलणे, डॉक्टरकडे पाठवणे, नोंदी ठेवणे आणि महिनोन्महिने पाठपुरावा. नोंदींचा कंटाळा करणारा या कामात टिकत नाही.

सगळ्यांत आधी शिकायची गोष्ट वैद्यकीय आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, भ्रम, ताप अशी अवस्था येऊ शकते आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. घरच्यांना वाटते बाहेरचे काही झाले. म्हणून वस्तीत जाऊन ‘आजपासून थेंबही नको’ अशी शपथ घालणारा कार्यकर्ता कितीही भला असला तरी धोका निर्माण करतो. आधी डॉक्टर, मग शपथ. हीच गोष्ट भिंतीवरच्या ‘न सांगता दारू सोडवा’ जाहिरातींची. अशा पावडरींत काय असते ते कळत नाही. दारूशी प्रतिक्रिया होणारे डायसल्फिराम जेवणात लपवून दिले आणि माणूस वरून प्याला, तर जिवावर बेतू शकते.

बोलण्याचे तंत्रही शिकावे लागते. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेली प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत आज बहुतेक प्रशिक्षणांत शिकवतात. वाद घालायचा नाही. ‘सोडावीशी वाटते, पण’ या वाक्यातला पहिला अर्धा भाग त्याच्याच तोंडून वाढवत न्यायचा. भाषणे देण्याची सवय असलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना हे सर्वांत जड जाते.

इथे आपल्या समाजापुरते एक बोलले पाहिजे. पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञा आपल्याला पाठ आहेत, आणि त्यामुळेच पिणारा माणूस विहाराच्या मागच्या रस्त्याने जातो. त्याला शील ठाऊक नसते असे नाही. तो त्याच्याच ओझ्याखाली असतो. विहारात समुपदेशन केंद्र चालवायचे असेल तर खोली वेगळी हवी, वेळ वेगळी हवी आणि आत बोललेले बाहेर जाणार नाही याची हमी हवी. कायद्याच्या कलम २३ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच आहे. आडवी बाटलीसाठी मतदान घडवणे हे वेगळे, मोठे काम. पण दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी थरथरणाऱ्या माणसाकडे कोण बघणार, हे आधी ठरलेले असावे.

बरे झालेले व्यसनी उत्तम समुपदेशक होतात का? होतात. रुग्णाची सबब त्यांना पहिल्या वाक्यात कळते. पण ‘मी असा सुटलो, तूही असाच सूट’ हा त्यांचा मोह असतो. किमान दोन वर्षे व्यसनापासून दूर राहिल्याशिवाय आणि रीतसर प्रशिक्षणाशिवाय या खुर्चीत बसू नये, असे माझे मत आहे.

नोकरी धरण्यापूर्वी

केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था एकात्मिक पुनर्वसन केंद्रे चालवतात. तिथे समुपदेशकाची पदे असतात, मानधन कमी असते. शासकीय रुग्णालयांचे मनोविकार विभाग आणि खासगी केंद्रे हेही पर्याय आहेत. मुलाखतीला गेलात तर तुम्हीही प्रश्न विचारा. केंद्राची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात? रुग्णांना घरातून उचलून आणले जाते का? साखळीने बांधण्यास कायद्याने बंदी आहे आणि मारहाण हा गुन्हा आहे. अशा ठिकाणी पगार कितीही असो, समुपदेशक म्हणून तुमची सही त्या कागदांवर राहते.

शिक्षण चालू असतानाच जवळच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या खुल्या सभेला जाऊन मागे बसा आणि ऐका. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनचे गट असतात, तेही पाहा. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन आकडे आजच विहाराच्या फलकावर लिहायला कोणत्याही पदवीची गरज नाही.